शेवटची दोन मिनिटे टीव्ही बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) सामन्याची बातमी येते तेव्हा तीत अंतिम गुणसंख्या असते, सर्वाधिक गुण करणाऱ्याचे नाव असते आणि फार तर मालिकेत कोण पुढे आहे ते. एवढ्यावरून सामना कळत नाही. अटीतटीच्या सामन्याची शेवटची दोन मिनिटे तर अशा बातमीतून पूर्ण निसटतात आणि व्यावसायिक बास्केटबॉलची सगळ्यात मोठी मौज नेमकी तिथे असते. ‘दोन मिनिटे उरली म्हणाले आणि वीस मिनिटे बसवून ठेवले’ ही नव्या प्रेक्षकांची नेहमीची तक्रार. कित्येक जण आठ गुणांचा फरक बघून टीव्ही बंद करतात. त्यांनी तो चालू ठेवावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी घड्याळ समजून घेऊ. एनबीएचा सामना 12 मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे 48 मिनिटांचा. त्यातल्या बहुतेक वेळात बास्केट झाली तरी घड्याळ थांबत नाही. बॉल जाळीतून खाली पडतो, कोणीतरी तो उचलून रेषेबाहेरून आत टाकतो, तेवढे सेकंद वाया जातात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटे लागली की मात्र प्रत्येक बास्केटनंतर घड्याळ थांबते आणि आत टाकलेल्या बॉलला मैदानातल्या खेळाडूचा हात लागल्यावरच पुन्हा सुरू होते. त्यात टाइमआऊटची भर. प्रत्येक संघाला सामन्यात सात टाइमआऊट मिळतात, शेवटच्या तीन मिनिटांत त्यांतले जास्तीत जास्त दोन वापरता येतात आणि एक टाइमआऊट 75 सेकंदांचा असतो. दोन्ही संघांनी आपापले दोन घेतले की पाच मिनिटे तिथेच गेली. शिवाय पंचांचे व्हिडिओ बघणे आहे, पंचांच्या निर्णयाला प्रशिक्षकाचे आव्हान आहे. पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो फाऊल आणि त्याबदल्यात मिळणाऱ्या फ्री थ्रोमध्ये (रेषेवरून विनाअडथळा टाकायची, एका गुणाची फेक), आणि हे फाऊल बहुतेक वेळा ठरवून केलेले असतात.

ठरवून का, ते आकड्यांत बघा. समजा 50 सेकंद उरलेत, तुमचा संघ सहा गुणांनी मागे आहे आणि बॉल समोरच्यांकडे आहे. तुम्ही नुसता चोख बचाव केलात तर ते शॉट क्लॉकचे, म्हणजे एक शॉट घ्यायला मिळणारे, 24 सेकंद जिरवतील. त्यांचा शॉट हुकला तरी तुमच्या हाती 26 सेकंद उरतात. त्यात सहा सेकंदांत लांबच्या शॉटचे तीन गुण केलेत, तर उरलेल्या वीस सेकंदांत त्यांना शॉट मारायचीही गरज नाही. बॉल हातात धरून उभे राहिले तरी जिंकले. आता दुसरा रस्ता. बॉल आत येताच तीन-चार सेकंदांत फाऊल करायचा. व्यावसायिक खेळाडू साधारण चारांतले तीन फ्री थ्रो आत टाकतात, म्हणजे दोन फेकींमागे सरासरी दीड गुण गेला. बदल्यात तुम्हाला 46 सेकंद आणि बॉल मिळाला. दर खेपेला दीड गुण द्यायचा आणि तीन गुणांसाठी फेकायचे, हा सौदा तोट्याचा वाटतो, पण मागे पडलेल्या संघाकडे याहून बरा सौदा नसतो.

हे फाऊल करतानाच सगळ्यात जास्त घोटाळे होतात आणि बघायला तेच मजेशीर असते. पुढे असलेला संघ आपले सर्वांत भरवशाचे फ्री थ्रो टाकणारे खेळाडू मैदानात ठेवतो आणि बॉल त्यांच्याच हाती जाईल असे बघतो. मागे असलेल्यांना हवा असतो सगळ्यात कच्चा नेमबाज. पण बॉल नसलेल्या खेळाडूला शेवटच्या दोन मिनिटांत मुद्दाम धरले, किंवा बाहेरचा बॉल आत टाकला जाण्याआधीच कोणाला ढकलले, तर समोरच्याला एक फ्री थ्रो मिळतो आणि वर बॉलही त्यांच्याकडेच राहतो. त्यामुळे बॉल ज्याच्याकडे आहे त्यालाच गाठावे लागते. तो हुशार असला तर दोघे अंगावर येईपर्यंत थांबून तिसऱ्याकडे बॉल सोडतो, तिसरा चौथ्याकडे, आणि सात फुटी पाच माणसे शिवाशिवी खेळावी तशी मागे धावत सुटतात. असे आठ-नऊ सेकंद गेले की मागे असलेल्या संघाचा प्रशिक्षक डोक्याला हात लावतो. त्याने मनात धरलेले वेळापत्रक संपलेले असते.

याच्या पोटात आणखी एक बारीक हिशेब आहे आणि तो सामना सांगणारेही पुष्कळदा नीट सांगत नाहीत. प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाला चार साधे फाऊल माफ असतात. पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. चार पूर्ण झाले नसतील तरीसुद्धा शेवटच्या दोन मिनिटांत एकच फाऊल माफ, दुसऱ्यापासून फ्री थ्रो. म्हणजे ज्या संघाने क्वार्टरभर स्वच्छ खेळ केला त्याला मुद्दाम फाऊल करताना पहिला ‘फुकट’ जातो: समोरच्यांना फक्त पुन्हा बॉल आत टाकायचा असतो आणि आपले तीन-चार सेकंद जातात. उलट आघाडीवर असलेल्या संघाला हाच शिल्लक फाऊल सोन्यासारखा. समोरचा शेवटचा हल्ला रचत असताना, तो शॉट घ्यायच्या आत हलकेच धरायचे, त्याची रचना मोडायची, घड्याळातले दोन-तीन सेकंद खायचे. फ्री थ्रो नाही, काही नाही. पडद्यावर गुणांशेजारी संघाच्या फाऊलचा आकडा येतो. शेवटची दोन मिनिटे सुरू होताना तो एकदा वाचून ठेवावा, पुढचा निम्मा खेळ आपोआप उलगडतो.

तीन गुणांची आघाडी आणि शेवटचे सात-आठ सेकंद, हा बास्केटबॉलमधला जुना वाद. फाऊल करून दोन फ्री थ्रो द्यावेत, म्हणजे बरोबरीचा तीन गुणांचा शॉट मारताच येणार नाही, की सरळ बचाव करावा? माझे मत फाऊल करावा असे आहे, पण तो कमरेच्या खाली बॉल असताना, पाठमोऱ्या खेळाडूला. तो शॉटसाठी हात उचलत असताना धक्का लागला तर दोनऐवजी तीन फ्री थ्रो मिळतात आणि बॉल आत जाऊन धक्का लागला तर एका खेपेत चार गुण. फाऊल करायला गेलेला खेळाडू अर्धा सेकंद उशिरा पोचला की सगळी आघाडी पाण्यात. म्हणूनच बरेच प्रशिक्षक ठरवूनही हा फाऊल करायला कचरतात.

समजा फाऊल झाला. फ्री थ्रो टाकणारा पहिला टाकतो, फरक दोनचा होतो आणि दुसरा त्याला मुद्दाम चुकवायचा असतो, कारण रिबाऊंड (हुकून परत आलेला बॉल) आपल्याला मिळाला तरच बरोबरी शक्य. व्यावसायिक खेळाडूला बॉल चुकवायला सांगणे सोपे वाटते, पण ते कठीण आहे. बॉल रिंगला लागलाच पाहिजे. नुसता रिंगमागच्या बोर्डाला लागून खाली आला तर नियमभंग, बॉल समोरच्यांना. बॉल रिंगला लागेपर्यंत टाकणाऱ्याने रेषा ओलांडायची नाही. रिंगच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्यात जवळच्या जागा बचाव करणाऱ्यांच्या असतात, त्यामुळे अलगद चुकवलेला बॉल त्यांच्याच हातात पडतो. यावर उपाय एकच: बॉल सपाट आणि जोरात रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायचा, म्हणजे तो उसळून टाकणाऱ्याकडेच परत येतो. आयुष्यभर मऊ कमान काढायची सवय असलेल्या हाताला हे झेपत नाही आणि कधी कधी चुकवायचा म्हणून फेकलेला बॉल बोर्डाला लागून सरळ आत जातो. असा गुण मिळाल्यावर त्या संघाच्या पाचही जणांचे पडलेले चेहरे मिळून या खेळातले एक अपूर्व दृश्य तयार होते.

फ्री थ्रोच्या वेळी बोर्डामागे बसलेले प्रेक्षक हात, फलक, लांबलचक फुगे हलवत असतात. बोर्ड पारदर्शक आहे, 1.83 मीटर रुंद आणि 1.07 मीटर उंच, म्हणून मागचे सगळे दिसते. नेमबाजाला मात्र बोर्डाकडे नाही, रिंगच्या कडेकडे बघायची सवय असते. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर, रेषेपासून बोर्ड 4.57 मीटरवर. रिंगचा व्यास 45.7 सेंटिमीटर आणि बॉलचा सुमारे 24. ऐकायला जागा ऐसपैस आहे, पण बॉल वरून सरळ पडत नाही, तिरका येतो. 45 अंशांनी खाली उतरणाऱ्या बॉलला ते वर्तुळ चेपून 32 सेंटिमीटरचे मिळते. 30 अंशांनी आला तर 23 सेंटिमीटरच, म्हणजे कडेला न लागता तो आत जाऊच शकत नाही. सपाट फेकणाऱ्याचे फ्री थ्रो का हुकतात ते एवढ्यावरून कळते. बॉलला उलटी फिरकी असली तर कडेला किंवा बोर्डाला लागल्यावर त्याचा वेग मरतो आणि तो आत लुडकतो.

या दोन्ही गोष्टी, उंच कमान आणि मऊ फिरकी, सर्वांत सहज साधतात दोन्ही हातांनी खालून बॉल सोडल्यावर. एनबीएचे जुने खेळाडू रिक बॅरी यांनी अशा खालच्या फेकीने जवळपास 90 टक्के फ्री थ्रो आत टाकले. विल्ट चेंबरलेन यांची फ्री थ्रोची ख्याती वाईट होती. पण 2 मार्च 1962 रोजी त्यांनी एका सामन्यात 100 गुण केले तेव्हा ते खालून फेकत होते आणि 32 पैकी 28 फ्री थ्रो आत गेले. पुढे त्यांनी ती पद्धत सोडली आणि टक्केवारी घसरली. आजही पन्नास-साठ टक्क्यांवर अडकलेले धिप्पाड खेळाडू खालून फेकायला तयार नसतात, कारण ते दिसायला बरे दिसत नाही. मला तर ती फेक फार देखणी वाटते.

याच वेळी आणखी एक गोष्ट बघा. पहिला फ्री थ्रो झाला की रांगेतले सहकारी पुढे येऊन टाकणाऱ्याच्या हातावर टाळी देतात. बॉल आत गेला तरी, हुकला तरी. तो हुकल्यावर दिलेली टाळी मला जास्त आवडते.

आता शेवटचा सेकंद. शेवटच्या मिनिटाला घड्याळ सेकंदाचा दशांशही दाखवते आणि दशांशाला इथे खरोखर किंमत आहे. पंचांची शिट्टी वाजली की कमरेला बांधलेले यंत्र ती ओळखून घड्याळ थांबवते, त्यामुळे टेबलावरच्या माणसाच्या बोटाला लागणारा वेळ वाचतो. 15 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्क निक्सच्या ट्रेंट टकर यांनी शिकागो बुल्सविरुद्ध 0.1 सेकंद उरला असताना बॉल झेलला, वळले आणि तीन गुण मारून सामना जिंकून दिला. दशांश सेकंदात झेलणे आणि फेकणे माणसाला शक्य नाही, हे उघड होते. त्यानंतर नियम आला: बॉल ताब्यात घेऊन शॉट मारायला घड्याळात निदान 0.3 सेकंद हवेत. त्याहून कमी असतील तर हवेतच हात लावून बॉल रिंगमध्ये ढकलता येतो, बाकी काही नाही. म्हणून 0.2 उरले असता सगळे उंच खेळाडू रिंगखाली गर्दी करतात आणि 0.4 उरले असता सगळे बाहेरच्या नेमबाजावर धावतात. 13 मे 2004 रोजी लेकर्सच्या डेरेक फिशर यांनी सॅन अँटोनियोविरुद्ध नेमक्या 0.4 सेकंदात शॉट मारला आणि सामना 74-73 असा फिरवला. बॉल आत येण्यापूर्वी पडद्यावरचा दशांश वाचला की पुढची धावपळ कुठे होणार ते आधीच सांगता येते.

प्रशिक्षक एक टाइमआऊट जिवापाड का जपतात, तेही इथेच कळते. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआऊट घेतला की बॉल आपल्या रिंगखालून न टाकता समोरच्या अर्ध्या मैदानात नेऊन टाकता येतो. मैदान 28.65 मीटर लांब आहे. दोन सेकंद उरले असता ही निम्मी वाट वाचली तर नीट रचलेला शॉट मिळतो, नाहीतर आंधळी लांब फेक. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रागाच्या भरात टाइमआऊट उधळणाऱ्या प्रशिक्षकाचा हिशेब शेवटी असा चुकता होतो. बॉल आत टाकणाऱ्याला पाच सेकंद असतात. समोरच्याने बास्केट केल्यावर त्याला रेषेवर इकडेतिकडे धावता येते, इतर वेळी ठरल्या जागीच उभे राहावे लागते. घाईत हे विसरून चालू लागलेले अनुभवी खेळाडूही बॉल गमावून बसतात.

हा 24 सेकंदांचा शॉट क्लॉक नसता तर यातले काही उरले नसते. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनीॲपोलिस लेकर्सला 19-18 असे हरवले, कारण पिस्टन्सनी सामनाभर बॉल नुसता धरून ठेवला. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायासोन यांनी साधा भागाकार केला: चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 शॉट घेतात, 48 मिनिटांचे 2,880 सेकंद होतात, म्हणून एका शॉटला 24. 1954-55 च्या हंगामापासून तो आकडा कायम आहे. त्यातूनच क्वार्टरअखेरची युक्ती निघाली. घड्याळात 35 च्या आसपास सेकंद असताना बॉल हाती आला तर लवकर शॉट घ्यायचा, म्हणजे समोरच्यांनी आपले 24 सेकंद पूर्ण वापरले तरी शेवटची संधी पुन्हा आपली. समोरच्यांना एक, आपल्याला दोन. घाईघाईत मारलेला तो पहिला शॉट वेडेपणाचा वाटतो, पण त्यामागे हे असते.

मैदानाच्या कडेलाही बघण्यासारखे असतेच. बदली खेळाडू आत येण्यापूर्वी टेबलाजवळच्या चिकट पायपुसण्यावर बूट घासतो. तळव्याची धूळ तिथे राहते आणि लाकडी जमिनीवर पकड मिळते. कोणी पडला की घामाचा ओला पट्टा पुसायला फडकी घेतलेली मुले धावत येतात. खेळ दुसऱ्या टोकाला असतानाच त्यांना काम उरकायचे असते आणि त्यांचे एक डोळा बॉलवर ठेवून पुसणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ओल्या जागी झटकन दिशा बदलताना पाय सटकला तर घोटा किंवा गुडघा जायबंदी होतो, म्हणून त्या मुलांकडे दुर्लक्ष करू नये.

शेवटी आपल्या पानाबद्दल. नुसत्या गुणांऐवजी पाच आकडे छापता येतील: तीन गुणांचे शॉट, फ्री थ्रो (किती पैकी किती), हल्ल्यातले रिबाऊंड, गमावलेले बॉल आणि शेवटची दोन मिनिटे सुरू होतानाची गुणसंख्या. खेळाडूची नेमबाजी सांगताना तीन गुणांच्या शॉटला दीडपट धरावे. वीसपैकी आठ शॉट टाकणारा 40 टक्के आणि नऊ टाकणारा 45 टक्के दिसतो. पण पहिल्याचे चार शॉट तीन गुणांचे असतील तर त्याचे 20 गुण झाले आणि दोन-दोन गुणांचेच टाकणाऱ्या दुसऱ्याचे 18. दीडपट धरले की पहिला 50 टक्क्यांवर येतो आणि खरे चित्र दिसते. अशा टक्केवारीला खेळाडू किती जपतात बघा: क्वार्टरच्या बझरला अर्ध्या मैदानापलीकडून फेकावे लागले की बरेच जण बॉल जाणूनबुजून बझरनंतर सोडत, हुकल्याची नोंद नावावर नको म्हणून. एनबीएने 2025-26 पासून पहिल्या तीन क्वार्टरअखेरच्या अशा हुकलेल्या लांब फेकी खेळाडूऐवजी संघाच्या खात्यात टाकायला सुरुवात केली, आणि प्रेक्षकांना त्या फेकी पुन्हा बघायला मिळू लागल्या.

हे सगळे सात-आठ ओळींत मावते. रोज जमणार नसेल तर प्लेऑफच्या काळात, पाच गुणांच्या आत संपलेल्या सामन्यांपुरती तरी ही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक